बिनवासाचा कागद

१

मेंढी आपलं कोकरू वासानं ओळखते. संध्याकाळी कळप काटेरी कुंपणाच्या वाडग्यात आला की मी डालगी उचलतो आणि दिवसभर कोंडलेली कोकरं एकदम सुटतात. मोठा गलका होतो. कोकरू दिसेल त्या मेंढीला जाऊन चिकटतं, ती मान वळवून त्याला हुंगते आणि आपलं नसलं तर लाथ मारते. थोड्या वेळानं ज्याचं त्याला सापडतं, गलका थांबतो आणि नुसता चोखण्याचा आवाज उरतो. कुंभारीच्या शिवेवरच्या आमच्या घरात मी साठ वर्षं तो आवाज ऐकत आलो. तो ऐकू आला की दिवस नीट गेला असं मी धरतो.

एकोणीसशे तेवीस साली एका मेंढीचं कोकरू जन्मताच मेलं. दुसरीला जुळी झाली होती आणि तिचं दूध पुरत नव्हतं. अशा वेळी आमच्यात करतात ते मी केलं. मेलेल्या कोकराचं कातडं सोललं, पायांपुरती भोकं ठेवली आणि जुळ्यातल्या एकाच्या अंगावर ते कुडत्यासारखं चढवलं. मेंढीनं हुंगलं. जरा थांबली. पुन्हा हुंगलं आणि पान्हा सोडला. चौथ्या दिवशी कातडं काढून टाकायचं असतं. तोवर तिचंच दूध त्याच्या पोटात गेलेलं असतं आणि त्याच्या अंगाला तिचाच वास लागलेला असतो.

माझा येडू लहान असताना एकदा असंच बघून रडला होता.

"आबा, तिला कळत न्हाय व्हय, ह्ये तिचं न्हाय म्हनून?"

मी म्हणालो होतो, "कळत आसंल, बाबा. पर दुधानं सडं ठणकत्यात की."

२

येडू माझा एकुलता. त्याची आई, केराबाई, तो सात वर्षांचा असताना गेली. मोठा झाल्यावर त्यानं मेंढरं सोडली आणि सोलापुरात गिरणीत लागला. आठवडाभर तिकडे राहायचा, रविवारी घरी यायचा. मी इकडे मेंढरं बघायचो आणि दुपारी मागावर घोंगडी विणायचो. माग पडवीत आहे. खड्ड्यात पाय सोडून बसलं की समोर आतल्या खोलीचं दार येतं. त्या वर्षी सून, मायाक्का, पहिल्या बाळंतपणाला माहेरी अक्कलकोटकडे गेली होती.

अशा एका रविवारी येडू आला तो हसतच. त्यानं मुंडाशातून एक कागद काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"वळका बघू, आबा."

"कसला जाहीरनामा हाय?"

"नोट हाय. जर्मनीची. धा हजाराची."

मला दोन इयत्तांपलीकडे शाळा नाही, पण नोट कशी असते ते मला ठाऊक होतं. ही लांबरुंद होती. एका अंगाला एका गोऱ्या माणसाचं चित्र. डोक्यावर पसरट टोपी, मान एका बाजूला कललेली. मी नोट उलटी केली तर मागं काहीच नव्हतं. कोरा कागद.

"पाठ कोरी की रं हिची."

"घाईत छापत्यात. लई खप हाय."

"जर्मनी लढाईत हरला न्हवं?"

"हरला म्हनून तर सस्ता मिळतुय, आबा. तुमीच शिकवलंय. दुष्काळात रोड जनावर घ्यावं, हाडं बघून घ्यावं. पाऊस पडला की त्येच जनावर तिपटीला जातं."

हे मीच शिकवलं होतं, त्यात खोटं नाही. माझ्या बापानं मला शिकवलं, मी त्याला. वैरागच्या बाजारातून मी काठीसारखी मेंढरं आणायचो आणि लोक हसायचे. पुढल्या दिवाळीला तेच लोक भाव विचारायचे.

"हाडं कुटं हायती ह्येला?" मी कागद हलवून विचारलं.

"देश हाय मागं. आख्खा देश. त्यो काय मरतुय व्हय?"

बोलता बोलता कागद माझ्या हातून खाली पडला. दाराशी बांधलेली शेळी पुढे आली. ही शेळी दावं खायची, माझं पागोटं खायची, एकदा तलाठ्याची पावती तिनं खाल्ली होती. तिनं नाक लावलं, पाय रोवले आणि दावं ताणेपर्यंत मागं सरकली.

येडू हसला. "बघा, तिलाबी कळतंय मोठ्या मानसाचा माल हाय म्हनून."

मीही हसलो. मग कागद उचलून मी माझ्या नाकाला लावला. आपल्या नोटेला तंबाखूचा, घामाचा, हळदीचा, कुणाच्या कनवटीचा वास असतो. नव्या नोटेला शाईचा असतो. ह्याला काहीच नव्हता. रिकाम्या मडक्यालाही मातीचा वास येतो, ह्याला तोही नव्हता.

कागद मी त्याच्या हाती परत दिला. रजा टाकून मंगळवारच्या बाजारात त्यानं बारा मेंढरं विकायला काढली. माझ्या संमतीनं काढली.

३

पुढच्या रविवारी तो पत्र्याची पेटी घेऊन आला. ती भरून नोटा होत्या. आतल्या खोलीत भिंतीला लावून ठेवली. मी तिच्यावर बिरोबाचा भंडारा टाकला. सकाळी बघतो तर भंडारा खाली जमिनीवर रेघ धरून पडलेला, पेटीवर कणभर नाही. वारा आला असेल, असं मी म्हटलं. त्या खोलीला खिडकी नाही, हे मला नंतर आठवलं.

पंधरा दिवसांनी येडू म्हणाला, मार्क पडला. मार्क म्हणजे त्यांचा रुपया.

"मंग इकून टाक."

"पडल्यावर कोन इकतं, आबा? अजून घ्यायचं. उठंल. वाट बघायची."

आणखी आठ मेंढरं गेली. ह्या वेळी त्यानं मला विचारलं नाही.

४

मग मीच सोलापूरला गेलो. पेठेत गुरुसिद्धप्पा म्हणून दलाल होता, त्याच्याकडून माल घेतलेला. दुकान म्हणजे एक अरुंद खोली. गादी, तक्क्या आणि भिंतीला लागून एक लांब बाक. बाकावर सहा-सात माणसं बसलेली. कुणी विणकर, कुणी किराणावाला, एक शाळामास्तर.

"कुतकोळ्री, बसा मामा," गुरुसिद्धप्पा म्हणाला. माणूस गोड होता.

"माल परत घ्या आप्पा. निम्म्या मोलानं घ्या."

"परत कसा घेऊ? मी इकनारा हाय, घेनारा न्हाय."

"मंग घेनारा कोन हाय?"

"येतो की. तार आली की येतो. हे सगळे बसलेत बघा त्याच्यासाठीच."

मी बाकाकडे बघितलं. ती माणसं बोलत नव्हती. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला कललेल्या होत्या. त्या बाजूला दार होतं आणि तारवाला दारातून येणार. म्हणून बघत असतील, असं मी स्वतःला सांगितलं. तेवढ्यात तारवाला खरोखरच आला, पण तो आला मागच्या बोळातून. एकही मान हलली नाही.

तिथून मी बँकेत गेलो. बाबूनं नोट बोटांच्या टोकांनी सरकवली. "हे आम्ही घेत नाही."

"मंग कोन घेतं?"

"पुढच्या खिडकीवर विचारा."

पुढच्या खिडकीवरचा म्हणाला, मागच्या खिडकीवर विचारा. मी उन्हात चार वेळा ये-जा केली. शेवटी एका चपराशाला माझी दया आली. "मामा, पोरास्नी पतंग करून द्या," तो म्हणाला.

मी असा तीनदा गेलो. दर खेपेला गुरुसिद्धप्पा बसा म्हणाला, दर खेपेला बाकावर तीच माणसं. तिसऱ्या खेपेला मी त्या मास्तरच्या खांद्याला हात लावला. "गुरुजी, घरी न्हाय व्हय जायाचं?"

"उठेल," मास्तर म्हणाला. "वाट बघायची."

त्याचा सदरा खडखडीत होता. आत खांदा आहे असं हाताला लागलं नाही. मी हात काढून घेतला आणि चालू लागलो. म्हातारपणी हाताला कळत नाही, असं वाटेत सारखं म्हणत राहिलो.

५

घरी आलो तर येडू बसलेला. तो दिवस बुधवारचा होता.

"गिरनी?"

"सोडली."

"का रं?"

"उठंल आता, आबा."

तो आतल्या खोलीत, पेटीशेजारी, भिंतीला पाठ लावून बसला होता. त्या दिवसापासून तो तिथून हलला नाही. मी सकाळी मागावर बसलो की समोर तो. दुपारी तो. भाकरी नेऊन दिली की ताट रिकामं व्हायचं, पण खाताना मी त्याला कधी पाहिलं नाही. आणि दिवसभर आतून आवाज यायचा, सुरसुर, सुरसुर, कोरडा पाचोळा कुणी एकेक करून उलटावा तसा. त्याचे हात मात्र मांडीवर असायचे.

मी किती बोललो. आधी समजुतीनं, मग रागानं. "ऊठ. मेंढराकडं चल. गेलेली बारा न् आठ गेली, इसांवर अजून हायती. दोन सालांत पुन्ना कळप हुतुय. तुझी बायकू येनार हाय लेकरू घिऊन." भिंतीवर मडकं आपटलं तरी आवाज होतो, इथं तोही होत नव्हता. मी थकून खड्ड्यात उतरायचो, दोन धागे टाकायचो, आणि धागा तुटायचा.

मग मला त्याची मान दिसली. एका बाजूला कललेली.

"आखडली व्हय रं?"

"व्हय," तो म्हणाला.

मी करडईचं तेल कोमट केलं आणि त्याच्या मानेला समोरून चोळायला बसलो. लहानपणी त्याला असंच चोळायचो. तेल मुरलं नाही. कागदावर पसरतं तसं पसरलं आणि त्याच्या कातडीतून पलीकडचा काळोख दिसल्यासारखा झाला. मी दिवा पुढे ओढला तोवर त्यानं मुंडासं गळ्याभोवती घेतलं होतं.

६

मी अडाणी आहे, पण पिसाट नाही. मी म्हटलं, पोरगा आजारी आहे. अक्कलकोटहून वैद्य चन्नप्पाला बोलावलं. त्यानं नाडी धरली. बराच वेळ धरली. मग दुसरा हात धरला. बाहेर येऊन चपला घालताना म्हणाला, "ह्याला भूक लागते का?"

"ताट रिकामं हुतं."

"मग ठीक आहे," असं म्हणून तो पैसे न घेता गेला.

आमचा कुत्रा वाघ्या, येडूनंच वाढवलेला. येडू गिरणीतून यायचा तेव्हा वाघ्या अर्धा कोस सामोरा धावत जायचा. परका आला तर नरडं धरायचा. आता तो त्या खोलीत जायचा, कोपऱ्यात मुतायचा, येडूच्या पायावरून चालत बाहेर यायचा. शेपटी हलवणं नाही, भुंकणं नाही. रिकाम्या खोलीत कुत्रं हिंडतं तसा हिंडायचा.

तेव्हा मी ते केलं जे मी इतके दिवस टाळत होतो. पाणी द्यायच्या निमित्तानं वाकलो आणि त्याच्या डोक्याला नाक लावलं. आई नसलेलं पोर. मी त्याला घोंगडीत घेऊन वाडग्यात झोपवलं होतं. त्याच्या डोक्याला लोकरीचा आणि गुळाचा वास यायचा. गिरणीत लागल्यावर त्यात सरकीच्या तेलाचा वास मिसळला, पण खालचा वास तोच राहिला होता.

काहीच नव्हतं.

माझं नाक गेलं असेल. मी बाहेर आलो, तंबाखू हुंगली. ठसका लागला. घोंगडीला लावायच्या चिंचोक्याच्या खळीचं भांडं हुंगलं, आंबूस होतं. अंधार पडायच्या आत वाडग्यात जाऊन तीन कोकरं डोळे मिटून हुंगली आणि कोणतं कुणाचं ते बरोबर सांगितलं. माझं नाक ठीक होतं. ते ठीक निघालं म्हणून मी वाडग्यात बसून रडलो.

७

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पेटी डोक्यावर घेतली. त्यानं अडवलं नाही. पेटी भरलेली होती तरी टोपलीएवढी हलकी लागली. मी उघडून पाहिलं नाही.

काय मागायचं ते मी वाटेत ठरवत होतो. पैसे नकोत, मेंढरंही नकोत. माल घ्या आणि माझं पोरगं परत द्या. पण असं कोणत्या दुकानात म्हणतात? त्याला भाव काय लावतात?

गुरुसिद्धप्पाच्या दुकानाला कुलूप होतं. शेजारचा तांबोळी म्हणाला, "वो तो हुबळी गया, मामू. मार्क खतम. सब खतम."

"आनी ती मानसं? बाकावरची?"

तांबोळ्यानं पानाला चुना लावला. "कौनसी? बाकडा तो महिन्यापासून खाली पडा है."

मी दाराच्या फटीला डोळा लावला. आत गादी नव्हती, तक्क्या नव्हता. बाक होता. त्याच्यावर काहीतरी उभं करून ठेवलेलं होतं, ओळीनं, पातळ. उजेड कमी होता. मी डोळा काढला. पेटी पायरीवर ठेवली आणि न वळता घरी आलो. डोक्यावर ओझं नव्हतं तरी मान ताठ होईना.

पडवीत पाय ठेवला तर आतून तोच आवाज. सुरसुर, सुरसुर.

"ठिवून आलासा, आबा?" तो आतून म्हणाला.

"व्हय."

"बरं झालं. जागा झाली."

८

मायाक्काचा निरोप आला. मुलगी झाली होती, सव्वा महिना झाला होता, आणि सोमवारी तिचा भाऊ गुंडा गाडीनं पोचवायला येणार होता. निरोप आणणाऱ्यानं आणखी एक सांगितलं. नोटांची गोष्ट तिकडे कळली होती. गुंडा म्हणत होता, दाजी धड असतील तर ठेवीन, नाहीतर बहीण आणि पोर परत घेऊन जाईन, पुन्हा पाठवणार नाही.

सोमवारी दुपारी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. मी मागावर होतो. समोर तो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो उठला. भिंत सोडली आणि माझ्यासमोरून दाराकडे निघाला, गाडी बघायला. माझ्यापुढून गेला आणि मला त्याची पाठ दिसली.

दिसली ती तेवढाच वेळ, दोन पावलांपुरती. नोट मी हातात घेऊन उलटली होती, म्हणून मला ती कोरी पाठ ओळखू आली.

किंचाळावं असं वाटलं नाही. खरं सांगायचं तर राग आला. इतके दिवस वणवण केली, दलाल, बँक, वैद्य, आणि एकानंही मला हे सरळ सांगितलं नाही. त्या रागातच मी खड्ड्यातून उठलो. मोठ्या पेटाऱ्यात येडूची जुनी घोंगडी होती. तो पाच वर्षांचा असताना मी विणलेली. लग्नापर्यंत तो तीच पांघरायचा आणि ती कधी धुतलेली नव्हती. मी ती काढली, त्याच्या मागं गेलो आणि डोळे मिटून त्याच्या पाठीवर टाकली. दोन्ही टोकं पुढे आणून छातीवर बाभळीच्या काट्यानं टाचली. काटा आत गेला तेव्हा कागदाला भोक पडतं तसा टच्च आवाज झाला. त्यानं काही म्हटलं नाही.

मायाक्का गाडीतून उतरली. लेकरू छातीशी. घोंगडीतल्या त्याच्याकडे बघून ती जागच्या जागी थांबली.

"मामा," ती मला म्हणाली, "ह्ये लई वाळल्यात. मान अशी कशी?"

"ताप हुता. उतरला."

"दाजी, बोला की," गुंडा म्हणाला.

"उठंल," तो म्हणाला. "वाट बघायची."

गुंडाच्या कपाळाला आठी पडली. त्यानं बहिणीकडे पाहिलं. "मायाक्का, नडी. मनेगे होगोण." चल, घरी जाऊ, असं तो तिला म्हणत होता. ती अजून थांबलेलीच. तिची चोळी दुधानं ओली झाली होती. मग ती माझ्याकडे वळली, आणि तिच्या डोळ्यांत काय होतं ते मी ह्या जन्मी विसरणार नाही.

"मामा, त्येच हायत न्हवं?"

तिला परत जा म्हणायचं होतं मला. दोन शब्दांचं काम होतं. पण गाडी परत गेली तर त्या घरात मी आणि तो. आणि नात माझ्या हाताच्या अंतरावर होती. तिच्या टाळूचा वास मला येत होता. लोकर आणि गूळ.

"त्योच हाय, बाय," मी म्हणालो.

ती पुढे झाली. त्याच्या खांद्यावरच्या घोंगडीला तिनं नाक लावलं. थांबली. पुन्हा लावलं. मग कपाळ तिथंच टेकून ती रडायला लागली. "व्हय," म्हणाली, "व्हय." गुंडानं बैल सोडले.

९

ह्याला आता बारा वर्षं झाली. मेंढरं पुन्हा चाळीसावर गेली आहेत. मायाक्का भाकरी करते, ताट आत नेते, रिकामं परत आणते. आम्ही त्यावर बोलत नाही. एकदाच, पहिल्या उन्हाळ्यात, तिनं घोंगडी धुवायला म्हणून हात पुढे केला होता. मी नको म्हणालो. तिनं हात मागं घेतला आणि पोरीला पाजायला बसली.

कातडं काढायचा चौथा दिवस कधीच उलटून गेला. त्या घोंगडीचा वास दर सालाला थोडा कमी होतो. मी सणावारी जवळ जाऊन हुंगतो, अजून थोडा आहे. गेल्या दिवाळीपासून मी गुपचूप तिच्या पुढं लोंबणाऱ्या टोकांवर कोकरं झोपवून घेतो, माझं पागोटं घासतो, गूळ चोळतो.

काटा मात्र मी अजून काढलेला नाही.